मामांचा प्रोसेसर, काकांचा मदरबोर्ड

माझ्या दुकानात नवीन गिऱ्हाईक आलं की ते आधी माझ्याकडे बघतं आणि मग माझ्या मागे बघतं. मागे कोणी नसतं. एक पंखा, सुट्या भागांची खोकी आणि गणपतीची तसबीर एवढंच असतं. मग प्रश्न येतो, "साहेब कुठायत?" पूर्वी मी समजावून सांगायची की इथे साहेब वगैरे कोणी नाही, काम मीच करते. आता सांगते, साहेब घरी आहेत, पण त्यांच्याकडे कॉम्प्युटर दिलात तर ते तो ओल्या फडक्याने पुसून परत देतील. आमच्या ह्यांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेली आणि अजूनही प्लग लावताना ते डोळे मिटतात. एका घरात एकानेच विजेशी खेळावं हे बरंच आहे म्हणा.

पनवेलच्या खांदा कॉलनीत माझं हे छोटंसं दुकान आहे. सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडून देणं हा धंदा. केस पांढरे झाले तरी अजून निवृत्त झालेले नाही, कारण मला निवृत्त करणारं कोणी वर बसलेलं नाही. सुरुवातीला लोक हिशेबासाठी कॉम्प्युटर न्यायचे, मग मुलांच्या अभ्यासासाठी न्यायला लागले, आणि आता अभ्यासाचं नाव सांगून गेम खेळण्यासाठी नेतात. आईबाप शेजारी उभे असताना मुलगा "प्रोजेक्ट असतात" म्हणतो, आणि मी चेहरा सरळ ठेवून विचारते, की प्रोजेक्टसाठी ग्राफिक्स कार्ड किती मोठं हवं?

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कॉम्प्युटरच्या पेटीत एक मोठी पाटी असते, तिला मदरबोर्ड म्हणतात. बाकी सगळे तिच्यावर बसतात. प्रोसेसर म्हणजे डोकं. तो मदरबोर्डवरच्या एका चौकोनी खाचेत बसतो, तिला सॉकेट म्हणतात. प्रोसेसर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या मुळात दोन. नावं कशाला घ्या, दुकानात आम्ही एकीला निळी म्हणतो आणि दुसरीला लाल. निळीचा प्रोसेसर लालच्या सॉकेटमध्ये बसत नाही, लालचा निळीच्यात बसत नाही. शिवाय एकाच कंपनीचे जुने आणि नवे सॉकेटसुद्धा एकमेकांना ओळख देत नाहीत. लोक याला गमतीने पत्रिका जुळवणं म्हणतात. मला ते पटत नाही. पत्रिका न जुळता सुखाने चाललेले संसार मी पाहिलेत, माझा त्यातलाच आहे. सॉकेट न जुळता चाललेला कॉम्प्युटर मात्र अजून पाहायचाय.

थोडक्या पैशात गेमिंगचा कॉम्प्युटर बसवायचा तर अक्कल लागते ती इथेच. पैसा आधी गेमची चित्रं पडद्यावर पळवणाऱ्या ग्राफिक्स कार्डात घालायचा, मग त्याला झेपेल असा प्रोसेसर, त्या प्रोसेसरला बसेल असा साधा मदरबोर्ड, आणि या सगळ्यांना नीट वीज देणारा पॉवर सप्लाय. दिवे, काचा, रंगीत पंखे हे शेवटी, उरलं तर. आधी पोटोबा, मग विठोबा. पण गिऱ्हाईक दारातूनच विठोबा मागत येतं. त्याला पेटीतून इंद्रधनुष्य निघायला हवं असतं आणि पॉवर सप्लाय घेताना ते म्हणतं, "काकू, हा जरा हलक्यातला चालेल ना?" त्याला मी सांगते, चालेल, फक्त जाताना तो बाकीच्यांनाही बरोबर घेऊन जाईल.

माणसं वस्तू बिघडवतात ती बहुधा चांगल्या हेतूने, हे मी या धंद्यात शिकले. कामोठ्याचे एक सद्गृहस्थ होते. ग्राफिक्स कार्ड घेऊन गेले आणि लगोलग तक्रार घेऊन आले की गेम पूर्वीसारखाच रखडतोय, तुम्ही खोटं कार्ड दिलंत. मी घरी जाऊन पाहिलं तर मॉनिटरची वायर कार्डाला न लावता मदरबोर्डलाच लावलेली. नवं कार्ड आत बसून नुसतं वारा खात होतं. मी वायर काढून योग्य जागी लावली. गृहस्थ म्हणाले, दोन्ही भोकं सारखीच आहेत, मग फरक का पडावा? मला उत्तर ठाऊक होतं, पण त्यांच्या सौभाग्यवती चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या की हे नळ दुरुस्त करतानाही असंच म्हणतात. पुढचं बोलणं मग त्यांच्यावरच सोडलं.

उरण, मोरा, करंजा या बाजूचा कॉम्प्युटर आला तर मी स्क्रू-ड्रायव्हरच्या आधी खोडरबर काढते. खाऱ्या हवेने रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, सोनेरी पट्ट्या काळ्या पडतात, त्या साध्या शाळेतल्या खोडरबराने हलक्या हाताने पुसल्या की कॉम्प्युटर सुरू. एका गिऱ्हाइकाला वाटलं, यात काय मोठं, हे तर घरीही होईल. पुढच्या वेळी त्यांनी घरीच केलं. चिंच आणि मीठ लावून घासलं, देवाची तांब्याची भांडी घासतात तसं. रॅम लखलखत होती, खरंच सांगते, इतकी स्वच्छ रॅम मी कंपनीतून येतानाही पाहिली नाही. फक्त ती मेली होती.

पण ज्या प्रसंगासाठी मी लिहायला बसले तो निलेशच्या लग्नाचा.

निलेश हा उरण रस्त्यावरच्या एका गावातला मुलगा. न्हावा शेवाच्या बाजूला एका कंटेनर यार्डात कामाला. शिकलेला, शांत, आणि कामावरून आला की गेम खेळणारा. बरीच वर्षं तो दुकानात यायचा, खोक्यांवर लिहिलेलं वाचायचा आणि काही न घेता जायचा. एक दिवस आला आणि म्हणाला, "मॅडम, माझं लग्न ठरलं. आता कॉम्प्युटर बसवू." मी म्हटलं, अरे, लोक लग्नानंतर गेम सोडतात. तर म्हणाला, हिची आणि माझी ओळखच गेम खेळताना झाली, आणि ती माझ्यापेक्षा चांगली खेळते.

त्याच्याकडे हळदीला अर्धं पनवेल जेवतं आणि आहेराचा डोंगर होतो. निलेशचं म्हणणं असं की ताईच्या लग्नात आलेली भिंतीवरची घड्याळं अजून पलंगाखाली आहेत. तेव्हा या वेळी जवळच्या नातेवाइकांनी त्याला कॉम्प्युटरचा एकेक भाग आपापल्या हाताने बाजारातून आणून द्यावा, मी तो जोडावा, आणि हळदीच्या स्टेजवर तो चालू करून ठेवावा. मला कल्पना आवडली. कोणी काय आणायचं ते आम्ही ठरवलं. लाल कंपनीचा मधल्या दर्जाचा प्रोसेसर, त्याला बसणारा साधा मदरबोर्ड, एक बऱ्यापैकी कार्ड, मजबूत पॉवर सप्लाय, साधी पेटी. मी म्हटलं, नातेवाइकांना माझा फोन नंबर दे, मी एकेकाला नीट समजावते. माझी चूक झाली असेल तर ती एवढीच, की मी त्यांना वस्तू समजावली. आहेर म्हणजे काय ते त्यांनी मला समजावायला हवं होतं.

कारण आहेर साधा नसतो. आत्याला पेटी सांगितली होती. पेटी सगळ्यांना दिसते म्हणून तिने सगळ्यात मोठी आणली, ती टेम्पोतून उतरवायला दोन माणसं लागली, आणि तिला इतके दिवे होते की आमच्या शेजारच्या मेडिकलवाल्याने विचारलं, ज्यूस सेंटर टाकताय का. पॉवर सप्लाय द्यायला कोणीच तयार होईना. तो आत, मागे, अंधारात बसतो, पाहुण्यांना दिसत नाही, मग द्यायचा कशाला? शेवटी तो निलेशनेच घेतला. कार्ड त्याच्या यार्डातल्या मित्रांनी मिळून दिलं. मित्रांना मानापानाची भानगड नसते, म्हणून ती एकच वस्तू मी सांगितली तशी आली.

मोठे आहेर दोन, काकांचा आणि मामांचा. निलेशचे वडील तो लहान असतानाच गेले. काकांनी, बाळारामशेठनी, त्याला घरात वाढवलं. त्यांचे ट्रेलर बंदरावर चालतात, बोलणं मोठं आणि हसणं त्याहून मोठं. मामा, हिराजीमामा, मोऱ्याचे. बोटींना बर्फ पुरवायचा त्यांचा धंदा. निलेशला पोहायला, भांडायला आणि भांडण मिटवायला त्यांनी शिकवलं. शेवटचं मात्र ते स्वतः शिकले नव्हते. कारण निलेशच्या ताईच्या लग्नात पुढच्या सोफ्यावर काकांचे पुढारी पाहुणे बसले आणि मामांच्या वाट्याला प्लास्टिकची खुर्ची आली. मामा न जेवता मोऱ्याला निघून गेले. तेव्हापासून काका आणि मामा एकमेकांशी एक शब्द बोललेले नव्हते.

मामांना प्रोसेसर द्यायचा होता. त्यांचा फोन धक्क्यावरून आला. मागे बर्फ फोडायची मशीन खडखडत होती, म्हणून मी प्रत्येक गोष्ट दोनदा सांगितली आणि त्यांच्याकडून वदवून घेतली. "लाल, मधला. समजला मॅडम." काकांनी मला बोलूच दिलं नाही. यातला सगळ्यात भारी मदरबोर्ड कोणता, एवढंच विचारत राहिले. मी म्हटलं, भारी नको, लाल कंपनीचाच पण साधा घ्या. ते म्हणाले, "मॅडम, आमच्या घरातून साधा जात नाय." काकांचा बोर्ड आला तो लालच, पण एवढा भारी की त्यावर मधला प्रोसेसर बसवणं म्हणजे ट्रेलरवर एक गोणी वाहणं. ते एक वेळ चाललं असतं.

हळदीच्या आदल्या आठवड्यात सगळे भाग दुकानात जमले. काकांच्या ड्रायव्हरने आणलेला बोर्ड मी उघडला आणि खुर्चीत बसले. नवी वस्तू घरात आली की तिची पूजा करतात, हे मलाही मान्य आहे. आम्हीही मिक्सरला हळदकुंकू वाहतो. पण मिक्सर बंद असतो. इथे बोर्ड खोक्यातून काढून पाटावर पुजलेला दिसत होता, त्यावर ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक होतं, आणि मधोमध जी चौकोनी खाच दिसली ती देवाचीच जागा असणार असं समजून सॉकेटवरचं झाकण काढून आत अक्षता वाहिल्या होत्या. मी चिमट्याने एकेक तांदूळ काढला. खालच्या बारीक पिनांपैकी काही आडव्या झोपल्या होत्या.

मामांचा प्रोसेसर नव्या टॉवेलात गुंडाळून, नारळाबरोबर आला. त्यालाही हळदकुंकू होतं. आणि तो निळा होता.

दुकानदाराने मामांना काय सांगितलं असेल ते मी तिथे नसूनही सांगू शकते. लाल मधला बघायला आलेल्या माणसाला त्याने विचारलं असेल, कोणासाठी? भाच्याच्या लग्नात? आणि काकांचा मदरबोर्ड आहे? मग मामा, हा बघा, याच्या वरचा. मामांनी दुसरं काही ऐकलं नसणार. मधल्या मापाची वस्तू काकांच्या भारी बोर्डावर ठेवायची म्हणजे पुन्हा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसण्यासारखंच.

मी निलेशला बोलावलं. त्याने निळा प्रोसेसर पाहिला आणि स्टुलावर बसून राहिला. मग हळूहळू खरं सांगितलं. कॉम्प्युटर त्याला हवा होताच, पण तो स्वतःच्या पगारातूनही घेऊ शकला असता. एकेक भाग मागायची युक्ती त्याने काका आणि मामांसाठी केली होती. "दोघांची वस्तू एकाच पेटीत बसली की दोघांना एका स्टेजवर यायलाच लागेल, असं वाटलं मला. आता मामांची वस्तू नाही चालत असं कळलं तर मामा लग्नाला येणार नाहीत. आणि मामा नसले तर आई मांडवात पाय ठेवणार नाही. ती तसं बोललीये."

आमच्यात मंगलाष्टकांच्या वेळी मामाने मागे उभं राहायचं असतं. त्याच्याकडेही तसंच. वडील नाहीत, आणि आता मामाही नसणार. एवढा थोराड मुलगा, डोळे पुसायला लाजत होता.

आधी प्रोसेसर बदलून मिळतो का ते पाहिलं. मुंबईत ज्या दुकानातून मामांनी तो घेतला तिथे फोन लावला. वापरला नाहीये ना, त्याने विचारलं. मी म्हटलं, अजिबात नाही, फक्त त्याला कुंकू लावलंय. मग तो म्हणाला, मॅडम, जळालेला आलाय, पाण्यात पडलेला आलाय, कुत्र्याने चावलेलासुद्धा आलाय, पण पूजा झालेला आम्ही परत कसा घेणार? त्याच्या आवाजात खरोखर भक्तिभाव होता.

निलेश म्हणाला, गुपचूप लाल प्रोसेसर आणून बसवू, मामांचं रिकामं खोकं स्टेजवर शेजारी ठेवू, कोणाला कळतंय? मी नाही म्हटलं. पेटीत काय आहे याबद्दल मी खोटं बोलत नाही. झाकण बंद झालं की गिऱ्हाइकाला आतलं दिसत नाही, त्याच्याकडे फक्त माझा शब्द असतो. या धंद्यात माझी कमाई म्हणाल तर ती तेवढीच. मी हे सगळं त्याला चांगलं ठणकावून सांगितलं, आणि ते सांगत असतानाच दारात काकांची गाडी थांबली. आपली वस्तू बसताना पाहायला ते आले होते. त्यांच्या मागोमाग मोटारसायकलवरून मामा, त्याच कामासाठी.

माझं दुकान एवढंसं. आत आत्याची ती अवाढव्य पेटी, मी, निलेश, आणि आता एकमेकांशी न बोलणारे दोन धिप्पाड पुरुष. मामा म्हणाले, "मॅडम, त्यांना बोला जरा सरका." काका म्हणाले, "मॅडम, त्यांना सांगा, जागा नाय." मी दोघांच्या मधे टपाल खात्यासारखी इकडचं तिकडे देत होते. मग काकांची नजर टेबलावर गेली. एका बाजूला त्यांचा बोर्ड, दुसऱ्या बाजूला मामांचा प्रोसेसर, दोघांनाही कुंकू, आणि मधे रिकामी जागा.

"काय झाला? बसत नाय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की दोन्ही वस्तू चांगल्या आहेत, पण वेगवेगळ्या कंपन्यांच्या आहेत, एकत्र चालणार नाहीत. काकांचा चेहरा फुलत गेला. ते मामांकडे न बघता, पण मामांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मला तं तुमी लाल सांगितला होता. मी लालच घेतला. मंग ह्यो निळा कोणी आणला? मामांना काय सांगितला होता तुमी?"

मामा खाली बघत होते. मोऱ्याच्या धक्क्यावर भल्याभल्यांना दम देणारा तो माणूस माझ्या दुकानाच्या फरशीकडे बघत होता. निलेश माझ्याकडे बघत होता. मी फक्त खरं बोलायचा अवकाश होता. एकच शब्द, "लाल". काका मोठ्याने हसले असते, मामा मोटारसायकलला किक मारून निघून गेले असते, आणि मी आयुष्यभर बरोबर राहिले असते.

मला बरोबर राहायला फार आवडतं. आमचे हे त्याचे साक्षीदार आहेत. एवढी वर्षं या खुर्चीत बसून माझ्या सांगण्यात कधी कोणाला चूक काढता आली नव्हती, आणि पनवेलपासून उरणपर्यंत ते लोकांना ठाऊक होतं. त्याचा मला गर्व होता, तो लपवण्यात काही अर्थ नाही.

"मीच घोळ केला," मी म्हटलं. "तुम्हाला लाल सांगितला आणि मामांना निळा."

मामांनी मान वर केली. त्यांनी स्वतःच्या तोंडाने "लाल, मधला" असं दोनदा म्हणून दाखवलं होतं. त्यांना ते आठवत होतं, हे मला दिसलं. ते माझ्याकडे बघत राहिले आणि मी स्क्रूची वाटी निवडायला घेतली. निलेशने तोंड उघडलं तेव्हा ती वाटी मी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, लहान मोठे वेगळे कर.

मग सुरू झालं. आधी काका. एवढं नाव ऐकून आलो आणि ही गत? मामा थोडे मागे राहिले, पण एकदा सुरू झाल्यावर त्यांनी काकांना मागे टाकलं. अपराधी माणसाचा आवाज जास्त चढतो, आणि त्यांचा तर नुसता चढला नाही, मेडिकलमधली गिऱ्हाइकं बाहेर येऊन उभी राहिली. आमी काय येडं म्हणून आलो काय, घरच्या लग्नाचा काम हाय, जरा ध्यान नको काय द्यायला? मी मान खाली घालून ऐकत होते. ते कठीण होतं. एकदा तर मी "अहो, पण" असं म्हटलंही, आणि जीभ चावली.

आणि या सगळ्या आरडाओरड्यात काका मामांकडे वळून म्हणाले, "काय बोलायचं आता हिराजीभाऊ?" मामा म्हणाले, "बाळारामशेठ, तुमीच बघा ना, नुकसान दोघांचाबी झाला." दोघांपैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही की आपण बोललो. निलेशच्या हातून दोन-तीन स्क्रू खाली पडले.

त्यानंतर जे झालं ते आधीच्या भांडणापेक्षा वाईट होतं. दोघांनाही एकदम मोठेपणा सुचला. काका म्हणाले, मामाचा मान पहिला, त्यांचा प्रोसेसर ठेवा, माझा बोर्ड काढा. मामा म्हणाले, छे, बोर्डच ठेवायचा, प्रोसेसर काढा. आता तुमचा, नाही तुमचा, यावर आवाज चढायला लागला. मी घाईने सांगितलं की बोर्डाच्या पिना अक्षतांनी वाकल्यात, त्यामुळे तो तसाही चालणार नाही. काका पुन्हा दुखावतील अशी भीती वाटली, पण ते उलट खूश झाले. देवानेच ठरवलं म्हणाले. निळ्या प्रोसेसरला बसेल असा नवा बोर्ड दोघांनी मिळून घ्यायचं ठरलं, आणि माझ्या चुकीची शिक्षा म्हणून जोडणीची मजुरी मला मिळणार नाही हेही दोघांनी मिळूनच ठरवलं. दोघे काकांच्या गाडीतून मुंबईला गेले. मामांची मोटारसायकल संध्याकाळपर्यंत माझ्या दारात उभी होती.

पूजा केलेला बोर्ड फेकायचा कसा, म्हणून काकांनी तो आपल्या ट्रेलरच्या ऑफिसात देव्हाऱ्याशेजारी ठेवला. मी कामानिमित्त तिथे गेले होते तेव्हा पाहिला. त्याला रोज उदबत्ती लागते, आणि धंदा तेव्हापासून बरा आहे असं तिथला कारकून म्हणत होता.

हळदीला मी गेले. जाणं भागच होतं, कारण त्यांना कॉम्प्युटर डीजेच्या जनरेटरवर लावायचा होता आणि मी मधे यूपीएस लावल्याशिवाय हात लावू देणार नव्हते. स्टेजवर आत्याची पेटी झगमगत होती, इतकी की डीजेवाल्याने आपले दिवे बंद केले. निलेश आणि त्याची नवरी पिवळ्या चेहऱ्यांनी गेम खेळत होते. ती जिंकत होती. कीबोर्डच्या पांढऱ्या अक्षरांवरची ती हळद मला पुढे कशानेही काढता आली नाही. मी खुर्चीत बसून जेवत होते आणि पलीकडच्या पंगतीतल्या बायका एकमेकींना माझ्याकडे बोट दाखवून सांगत होत्या, "हीच ती मॅडम, चुकलेली." एक आजीबाई खास उठून आल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "असूं दे गो, माणूसच हाय." मी पुरणपोळी खाली ठेवली आणि हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मंगलाष्टकांना मामा निलेशच्या मागे उभे होते आणि काका मामांच्या शेजारी. निलेशची आई मांडवात होती. ती एकदा माझ्याकडे बघून हसली. तिला काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं ते मी आजवर विचारलेलं नाही. मला रडू आलं, आणि मी ते अक्षता डोळ्यात गेल्याच्या नावावर खपवलं.

निलेशने पुढे अनेकदा म्हटलं की मॅडम, आता सांगून टाकतो सगळ्यांना, एवढ्या दिवसांनी कोण भांडणार आहे? मी त्याला दम भरलाय. मान दुखावलेली माणसं एवढे तेवढे दिवस मोजत नसतात. पण खोटं कशाला बोलू, मला त्याचा त्रास होतो. त्या रस्त्यावरच्या गावांतली गिऱ्हाइकं अजून माझ्याकडेच येतात, पण मी काही सांगितलं की ते मोबाइल काढून माझ्यासमोर दुसरीकडे विचारून घेतात. पूर्वी ते माझ्या शब्दावर पैसे मोजायचे. आता माझा शब्द तपासला जातो, आणि दर वेळी तो बरोबर निघाला की त्यांना नवल वाटतं. ते नवल बघणं फार जड जातं.

मागच्या महिन्यात हिराजीमामा दुकानात आले. लग्नानंतर पहिल्यांदाच. बर्फाच्या हिशेबासाठी त्यांना साधा कॉम्प्युटर हवा होता. दुकानात कोणी नव्हतं. ते स्टुलावर बसले आणि त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मॅडम," ते हळू म्हणाले, "तुमी मला लालच सांगितला होता."

मी म्हटलं, "हो."

"माझा भाचा त्यो. मी नसतो गेलो त्याच्या लग्नाला. मी लई वाईट माणूस हाय मानाच्या बाबतीत." त्यांनी टोपी मांडीवरच उलटी केली. "तुमी आता सांगाल त्योच घेतो. दुकानदार काय पन बोलू दे."

मी त्यांना कोणता घ्यायचा ते सांगितलं. त्यांनी तो तीनदा म्हणून दाखवला. तेवढ्यात त्यांच्याच गावाकडचा एक माणूस चार्जर विचारायला आत आला, आणि मामांनी टोपी डोक्यावर घालत आवाज चढवला.

"या टायमाला नीट बघून सांगा हां मॅडम. मागच्यावानी घोळ नको."

"नाही होणार, मामा," मी म्हटलं. "तेव्हा माझंच चुकलं होतं."